मदत हवी आहे: बाराबाशी-आल्बर्ट नेटवर्कचा उतार ३ का येत नाही?

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी स्केल-फ्री नेटवर्क (बहुतेकांना मोजक्या जोडण्या, थोड्यांना प्रचंड) बनवतोय, पुढे त्यावर साथ पसरवून बघायची आहे. १९९९ चं बाराबाशी-आल्बर्ट मॉडेल पायथनमध्ये लिहिलं. नवा नोड (नेटवर्कमधला बिंदू) ३ जुन्या नोडांना जोडायचा, ज्याची डिग्री (जोडण्यांची संख्या) जास्त त्याला संधी जास्त. त्यासाठी प्रत्येक कडीची (दोन नोडांमधल्या जोडणीची) दोन्ही टोकं एका यादीत टाकतो आणि तिच्यातून डोळे मिटून एक उचलतो. डिग्री ७ असलेला नोड यादीत ७ वेळा असतो, वेगळा हिशेब लागत नाही.

एकूण १०,००० नोड, सरासरी डिग्री ६. इथवर ठीक. पण कोणत्या डिग्रीचे किती नोड याच्या लॉग-लॉग आलेखावर (दोन्ही अक्ष लॉगचे) रेषा बसवली की उतार ३ च्या बराच खाली येतो. शेपटाकडे तर नुसता ठिपक्यांचा सडा. घोळ कोडमध्ये आहे की मोजण्यात? (नेटवर्कएक्स या पायथन लायब्ररीचं तयार फंक्शन वापरा म्हणू नका, त्यानेही हेच येतं.) शिवाय सरांना घातांक (म्हणजे हाच उतार) २.५ हवाय. जमेल का?

प्रतिसाद १

तयार फंक्शननेही तेच येतंय, म्हणजे घोळ कोडमध्ये नाही. शेपटाकडे एकेका डिग्रीला एखादाच नोड असतो किंवा एकही नाही. शून्यं लॉगवर दिसतच नाहीत; उरलेले एकटे ठिपके आडवे पसरतात आणि रेषा वर उचलतात. सुरुवातीलाही उतार ३ नसतोच, कारण डिग्री क असलेल्या नोडांच्या वाट्याच्या नेमक्या सूत्रात छेदाला क(क+१)(क+२) आहे. तुमच्या मॉडेलमध्ये साधारण ४० टक्के नोडांची डिग्री ३ च यायला हवी, ते तपासा. मग ‘डिग्री क किंवा जास्त’ असलेल्यांचा वाटा काढा. त्याचा उतार २ कडे जातो, आणि ३० किंवा जास्त डिग्रीचे सुमारे १३० नोड मिळतील. रिपोर्टात आकडा द्यायचा तर रेषा न बसवता मॅक्झिमम लाइकलिहूडनेच (मिळालेला डेटा सर्वात संभाव्य ठरवणारा घातांक शोधून) काढा.

धागाकर्ता

४० टक्के जुळले! आता २.५ चं बघायचं.

प्रतिसाद २

यादीत कडीचं फक्त जुन्या नोडाकडचं टोक टाका. ३ पैकी २ वेळा यादीतून उचला, १ वेळा सगळ्या नोडांतून कोणताही. संधी (डिग्री − १.५) च्या प्रमाणात मिळते आणि घातांक ३ − १.५/३, म्हणजे २.५. त्रिकोण (एकमेकांना जोडलेले तीन नोड) मात्र नगण्यच राहतील. माणसांतली साथ दाखवायची असेल तर २००२ चं होल्म-किम मॉडेल बघा: एक कडी जोडली की पुढची बऱ्याचदा त्याच नोडाच्या शेजाऱ्याला.