शांताराम सोडून गेले म्हणून प्रभात बंद पडली का?

रीळवेडा: प्रभात फिल्म कंपनी १९२९ला कोल्हापुरात सुरू झाली, १९३३ला पुण्यात आली, मग एवढी जोरात चाललेली कंपनी बंद कशी काय पडली? सगळे दिग्दर्शक व्ही. शांतारामांचंच नाव घेतात.

जुनापडदा: १९४२ला ते बाहेर पडले आणि राजकमल ही स्वतःची चित्रपटसंस्था काढली, पुढे १९४५ला प्रभातचे एक संस्थापक दामले वारले, तिथेच कणा मोडला असं मला वाटतं. पण दामले-फत्तेलाल या दिग्दर्शक जोडीला विसरू नका हो, १९३६चा 'संत तुकाराम' त्यांचाच, थेट व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गाजला!

खेळ३ते६: आणि वितरण? बाबुराव पैंच्या फेमस पिक्चर्सनी प्रभातचे सिनेमे लोकांपर्यंत नेले, त्यांचं नाव कुणी घेतच नाही. स्टुडिओची जागा तरी वाचली, तिथेच १९६०ला फिल्म इन्स्टिट्यूट आली, खूप बरं वाटतं.