टॅबलेटवर पुन्हा स्केचिंग सुरू करताना

प्रश्न (मालवण)
नमस्कार. शाळेत असताना मी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. नोकरी लागल्यावर मात्र चित्रकला सुटली. आता पुन्हा स्केचिंग करावेसे वाटते, परंतु आमच्याकडे पावसाळ्यात कागद सर्दावतो आणि त्यावर बुरशीचे ठिपके येतात, म्हणून टॅबलेट घेण्याचा विचार आहे. दुकानात हाताळून पाहिला तेव्हा काचेवर स्टायलस (पडद्यावर रेखाटायची लेखणी) घसरत होती आणि उमटलेली रेघ माझ्या हातची वाटेना. हा दोष सवयीचा की साधनाचा? त्यासाठी आयपॅडच घ्यावा लागेल का?

उत्तर (रत्नागिरी)
आपण हाताळलेली स्टायलस साध्या रबरी टोकाची असेल तर दोष साधनाचाच, कारण तिला हाताचा दाब कळत नाही आणि रेघ सगळीकडे सारख्याच जाडीची उमटते. घसरण्याबद्दल म्हणाल तर मॅट स्क्रीनगार्डने कागदासारखा थोडा खरखरीतपणा येतो. मात्र त्यामुळे पडदा किंचित धूसर दिसतो आणि स्टायलसचे टोक लवकर झिजते. आयपॅड अनिवार्य नाही. प्रोक्रिएट हे चित्रकलेचे ॲप तेवढे केवळ आयपॅडवर चालते, पण क्रिटा हे तसेच ॲप विनामूल्य असून अँड्रॉइड टॅबलेटवरही चालते. सॅमसंगच्या एस पेन या स्टायलसला रेखाटनासाठी चार्जिंग लागत नाही. टॅबलेटला लागते, हे आपल्याकडच्या पावसाळ्यातील विजेचा लपंडाव पाहता सांगितलेले बरे.

उत्तर (वेंगुर्ले)
रेघ आपली न वाटण्याचे आणखी एक कारण असते. बहुतेक ॲपमध्ये हाताची थरथर काढून रेघ गुळगुळीत करणारी सोय असते. सुरुवातीला ती पूर्ण बंद ठेवावी. त्याहून घातक अनडू, म्हणजे शेवटची रेघ पुसून टाकणारी सोय. कागदावर चुकलेली रेघ तशीच राहते, तिच्या आधारानेच पुढची रेघ कुठे हवी ते कळते आणि, उदाहरणार्थ, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होडीचा बाक हळूहळू सापडतो. टॅबलेटवर मात्र ती रेघ क्षणात नाहीशी होते आणि आपण तीच चूक नव्याने करत बसतो. म्हणून एकच ब्रश आणि एकच लेअर (चित्राचा थर) घ्यावा, झूम न करता पूर्ण होडी डोळ्यांसमोर ठेवावी. पुढे छापायचे मनात असेल तर ए-४ आकाराला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) २४८० × ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास पुरतो. उगाच मोठा घेतल्यास कमी रॅमचा टॅबलेट अडखळतो.

प्रश्नकर्ता (मालवण)
दोघांचेही आभार. टॅबलेट किनाऱ्यावर नेता येईल का?

उत्तर (वेंगुर्ले)
सकाळी किंवा सावलीत नेता येईल. दुपारच्या उन्हात पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, टॅबलेट तापून उजेड आपोआप मंदावतो, शिवाय वाळूने काचेवर ओरखडे पडतात. किनाऱ्यासाठी लहान वही आणि पेन्सिल ठेवावी; पावसाळ्यात वही हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवल्यास बुरशीचा त्रास बराच कमी होतो. टॅबलेट पडवीत बसून वापरावा.