‘नवा रोग’ म्हणे! एमपॉक्स, विमानतळावरचा पहारा आणि आमचे गोठे

पाणकोंबडा : परवा ‘ठाम’ यांनी लिहिले की मंकीपॉक्स (म्हणजेच एमपॉक्स) हा नुकताच उपटलेला रोग असून विमानतळावर पहारा कडक ठेवला की आपले काम संपले, शिवाय १४ ऑगस्ट २०२४ रोजी जाहीर झालेली जागतिक आणीबाणी ही लसकंपन्यांची सोय होती. हे वाचून गप्प बसवेना. माणसातला पहिला रुग्ण १९७० साली काँगोत सापडला, नऊ महिन्यांचे बाळ. पुढे देवी टोचणे जगभर बंद झाले आणि त्या लसीमुळे या रोगापासूनही मिळणारे संरक्षण पिढीगणिक ओसरत गेले. तिथली मुले आजारी पडतच राहिली. २०२२ मध्ये युरोप-अमेरिकेत रुग्ण दिसताच तिकडे लस टोचली गेली. काँगोत मात्र पहिली खेप सप्टेंबर २०२४ मध्ये उतरली. सोयच करायची, तर गिऱ्हाईक म्हणून काँगो निवडावा, हे विशेष.

ठाम : आपण माझे अर्धेच म्हणणे उचलले आहे. जुलै २०२२ मध्ये केरळात जो तरुण दगावला, त्याची चाचणी परदेशातच झालेली होती आणि तो अहवाल डॉक्टरांपुढे फार उशिरा आला. माणूस स्वतःहून सांगत नसेल, तर त्याला दारात अडवण्यात गैर काय?

पाणकोंबडा : लागण झाल्यावर लक्षणे दिसायला तीन आठवडेही लागू शकतात, ताप नसलेल्याला विमानतळावरचे तुमचे ताप मोजणारे यंत्र कसे अडवणार? आणि लोक का लपवतात तेही ऐका. माझा मावसभाऊ दुबईहून आला तो कांजिण्या घेऊन. अहवाल येईपर्यंत चार दिवस एका रुग्णालयाने त्याचे ताट उंबऱ्याबाहेरून सरकवले आणि इकडे सोसायटीने मावशीच्या कामवाल्या बाईंना फाटकातच अडवले. यापुढे त्या घरातला कोणी अंगावरचा फोड दाखवायला जाईल का?

माणदेशी : दुबई राहू द्या. २०२२ मध्ये याच कुळातला लम्पीचा विषाणू आमच्या गोठ्यात शिरला. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचली, बाजार बंद केले, शर्यती थांबवल्या. तरी आमची गाभण खिलार गेली. सरकारने गाईमागे ३०,००० रुपये ठरवले, पण बाजारच बंद असताना ते घेऊन दुसरी गाय आणायची कुठून?

ठाम : लम्पी माणसाला होत नाही, त्यामुळे हे विषयांतर आहे. अर्थात, खबरदारी म्हणून त्या दिवसांत आम्हीही दूध बंद केले होते.

माणदेशी : होत नाही हे ठाऊक असून बंद केलेत? आम्ही उरलेल्या दोन गाईंचे दूध ओढ्यात ओतत होतो, ते आपल्यासारख्या जाणत्यांच्या कृपेने!

जुना कंपाउंडर : भांडा, पण म्हशीच्या देवी विसरू नका. २००९ मध्ये सोलापूर आणि कोल्हापूरकडे धार काढणाऱ्यांच्या हातांवर फोड आले होते. त्या विषाणूला पासपोर्ट लागला नव्हता. गावातला पशुवैद्य आणि आरोग्यसेविका एकमेकांना कळवतात की नाही, हे मला यंत्रापेक्षा मोठे वाटते.

ठाम : बरे, ‘नवा’ हा शब्द मागे घेतो, आणि यंत्राला सगळे सापडत नाही हेही मान्य. तरी ते काढा असे मी म्हणणार नाही. उद्या एक रुग्ण निसटला, तर आपणच माझ्या नावाने दुसरा धागा काढाल.

माणदेशी : दुधाचे उत्तर राहिले.