नाक कुणाकुणाचं बंद हाय? सायनसचं काय काय झालं ते लिहा की

अनगोळ_बंदनाक

परवा ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या मॅडमनी विचारलं, कानडीत, 'मूग कट्टैतेनरी सर?' म्हणजे नाक चोंदलंय काय. मी 'नेगडी अल्लरी, सायनस' (सर्दी नाही ओ, सायनस) म्हणायला गेलो आणि तोंडातून पडलं 'देगडी अल्लरी, सायदस'. सगळे हसले, मी पण हसलो. घरात लेक रोज नक्कल करती, म्हणती बाबा तुम्हाला 'बाबा' एवढंच नीट म्हणता येतंय, कारण त्यात न पण नाही म पण नाही.

आपला बेळगावचा सीमाप्रश्न १९५६ पासून लोंबकळायलाय, माझं नाक २०१४ पासून. दोन्हीच्या नुसत्या तारखा पडायल्यात.

रोहिणीचा पाऊस आला की सुरू, ते शिमग्यापर्यंत. पहाटे चारला जाग येते, डावी नाकपुडी गच्च, कूस बदलली की उजवी गच्च, मग उठून पाटावर बसल्यासारखा भिंतीला टेकून बसतो. डॉक्टर म्हणाले नाकपुड्या सगळ्यांच्याच काही काही तासांनी आलटून पालटून मंद होतात, चांगल्या नाकाच्या माणसाला ते कळत पण नाही. मला कळतंय की ओ, त्याचंच तर दुःख. गालाच्या हाडात ठणका, घशात मागून ओघळ, दिवसभर खाकरणं.

अँटिबायोटिकचे पाच कोर्स झाले, झोप येणाऱ्या गोळ्या झाल्या, वाफ, सुंठ उगाळून लेप, ओव्याची पुरचुंडी, अणुतेल, साबुदाण्यासारख्या पांढऱ्या गोळ्या, सगळं झालं. सीटी काढला तर म्हणे मधला पडदा डावीकडं वाकलाय, आतली मांसं सुजलीत, पण सायनस बऱ्यापैकी मोकळे. एक डॉक्टर म्हणतात ऑपरेशन कर, दुसरे म्हणतात हात लावू नको. म्हणून विचारायलोय, ज्यांचं बारा आठवड्याच्या वर चाललंय (तिथून पुढं क्रॉनिक म्हणतात म्हणे) त्यांनी आपलं आपलं सांगा. काय लागू पडलं नाही ते आधी सांगा. 'हे करा शंभर टक्के जातंय' असलं नको.

वडगाव_मागवाला

जलनेती करा. शंभर टक्के जातंय.

अनगोळ_बंदनाक

काका, वरची शेवटची ओळ वाचा की ओ 🙏

निपाणी_वखार

मी तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो, वीस वर्षं झाली. खकाणा म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही, उन्हाची तिरीप आत आली की त्यात दिसतो, सोनेरी, आणि नवा माणूस दारातच सात-आठ शिंका देतो. आमची आज्जी तर नाक मोकळं व्हावं म्हणून वरून तपकीर ओढायची, तिला कधी सायनस झालेला मी बघितला नाही, पण ते सोडा.

माझी गोष्ट थेंबांची हाय. पहिल्यांदा मेडिकलवाल्यानं नाकात घालायचे थेंब दिले, ऑक्सिमेटाझोलिन. अहाहा. दोन मिनिटांत नाक असं उघडलं की लहानपणीची हवा आत गेली. मग रोज. मग दिवसातून चारदा. एक बाटली खिशात, एक गाडीच्या डिकीत, एक उशीखाली, एक वखारीच्या ड्रॉवरमध्ये. लग्नाला गेलो आणि बाटली विसरली तर अक्षता पडायच्या आधी मेडिकल शोधत फिरायचा. असं सहा वर्षं!! मला वाटायचं माझा आजार वाढायलाय म्हणून थेंब जास्त लागायलेत. मिरजेच्या डॉक्टरांनी उलटं सांगितलं, म्हणाले आता आजार म्हणजे ही बाटलीच. औषधानं रक्तवाहिन्या आवळतात, असर उतरला की आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून तीन-चार दिवसांच्या वर घालायचं नसतं. बाटलीवर लिहिलेलं असतंय, भिंग घेऊन बघा.

सोडवायला त्यांनी युक्ती केली. स्टिरॉइडचा स्प्रे दोन्हीकडं सुरू, आणि थेंब आधी फक्त उजव्या बाजूला बंद. डावीनं श्वास घ्यायचा, उजवीला उपाशी ठेवायची. पहिल्या चार रात्री मी अंगणात खुर्ची टाकून काढल्या, बायको म्हणाली दारू सोडणारी माणसं पण एवढी तळमळत नाहीत. नवव्या दिवशी उजवी आपोआप उघडली. मग डावी. खकाण्याचा त्रास हायच, शिंका हायत, पण बाटली नाही.

जांबोटीची_सून

माझं माहेर अथणीकडं. काळी जमीन, कोरडं, धूळ म्हणाल तेवढी. तिथं आयुष्यात नाक बंद झालं नाही. लग्न होऊन जांबोटीला आले आणि पहिल्याच मृगात सुरू झालं. इकडचा पाऊस ज्यांनी बघितला नाही त्यांना सांगते, जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, चुलीवर दोरी बांधून धुरात वाळवायचे, गादी हाताला गार लागते, कपाटातल्या चपलेवर हिरवट लव येते. पुस्तकाचं पान उघडलं की जो वास येतो ना तो सगळ्या घराला. मला तो पहिली दोन वर्षं आला, नंतर वासच कळेना.

दिवाळीला माहेरी गेले की चार दिवसांत बरी. झालं, सासूबाईंचं सुरू, माहेरी गेली की बरी होतीया, इथं आली की आजारी, कळतंय आम्हाला. नवरा गप्प. मला पण एकदा वाटायला लागलं की माझ्या मनाचंच काहीतरी हाय.

चौथ्या वर्षी बेळगावला हातावर टोचून टेस्ट केली, ओळीनं थेंब ठेवून टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटं थांबतात. बुरशीच्या जागी आणि गादीतल्या किड्यांच्या जागी गांधी उठल्या, खाजवून जीव गेला पण मला एवढा आनंद झाला काय सांगू. मोबाइलवर फोटो काढला हाताचा. सासूबाईंना दाखवला. त्या बघून म्हणाल्या, 'मग आम्हाला कसं होत नाही?' त्याला उत्तर नाही 😅

आता पलंग भिंतीपासून वीतभर लांब, जुनी कापसाची गादी काढली, ऊन पडलं की पहिल्यांदा उशा बाहेर. आणि स्प्रे पाऊस आल्यावर नाही, रोहिणी लागली की सुरू, म्हणजे मृगाच्या दोन आठवडे आधी. डॉक्टर म्हणाले त्याला असर करायला वेळ लागतो, आग लागल्यावर विहीर खणू नका. बरी हाय असं म्हणणार नाही. निम्मी हाय.

उद्यमबाग_फाउंड्री

माझं फक्त एका बाजूला होतं. डाव्या नाकातून पिवळं, आणि घाण वास, तो मलाच यायचा, बायको म्हणायची मला काय येत नाही. फाउंड्रीत काम म्हटल्यावर सगळे डॉक्टर धूळ, वाळू, धूर म्हणून लिहून द्यायचे. तीन वर्षं गोळ्या. गोळ्या असेपर्यंत बरं, संपल्या की आठव्या दिवशी परत तोच वास.

शेवटी कोल्हापुरात एका डॉक्टरनं सीटी बघून विचारलं, दाढ दुखते काय? मी म्हटलं दुखायची, पाच वर्षांपूर्वी, आता नाही. तीच. वरच्या दाढांची मुळं गालाच्या सायनसच्या तळाला लागून असतात, मधे पापुद्र्यागत हाड, काहींना तेवढं पण नाही. माझ्या दाढेचं मूळ आत कुजलेलं आणि पू वर चढायचा. दाढ काढली, वर परत कोर्स दिला, दीड महिन्यात वास गेला. ज्यांचं एकाच बाजूचं हाय त्यांनी दातवाल्याकडं एक चक्कर मारा एवढंच सांगतो, माझे तीन वर्षांचे पैसे असेच गेले.

अनगोळ_बंदनाक

दादा, हे नवीनच कळलं. माझं दोन्हीकडं हाय, तरी दाढ चाचपून बघितली लगेच.

खानापूर_निवृत्त_बाई

तुमचं सगळ्यांचं वाचून लिहावंसं वाटलं. मी शाळेत शिक्षिका होते, नाकाचा त्रास चाळिशीनंतर सुरू झाला, आणि आधी दमा. मला पॉलिप्स आहेत, म्हणजे नाकाच्या आत वाढणारे मऊ गोळे. डॉक्टरांनी दुर्बीण घालून टीव्हीसारख्या स्क्रीनवर दाखवले, सोललेल्या द्राक्षांसारखे, ओलसर, करडे. माझ्या नाकात असलं काही आहे हे बघून मला कसंसंच झालं.

दुर्बिणीतून ऑपरेशन झालं. दोन वर्षं फार छान गेली. मग पुन्हा वाढले. मधे एकदा गुडघ्यासाठी अंगदुखीची गोळी घेतली आणि अर्ध्या तासात दम लागला, छाती शिट्टी वाजवायला लागली, रात्रीत अ‍ॅडमिट. तेव्हा कळलं की दमा, पॉलिप्स आणि अ‍ॅस्पिरिनसारख्या गोळ्या न सोसणं हे तिन्ही काही लोकांत एकत्र येतं. आधी कुणी विचारलंच नव्हतं, आणि मीही नाकाच्या डॉक्टरांना छातीचं आणि छातीच्या डॉक्टरांना नाकाचं सांगत नव्हते. आता पर्समध्ये कागद ठेवलाय, कोणत्या गोळ्या चालत नाहीत त्याचा.

पण मला सांगायचंय ते वासाबद्दल. वास गेला की लोकांना ते किरकोळ वाटतं. एकदा गॅसचं बटण अर्धवट राहिलं होतं, नातू बाहेरून खेळून आला आणि ओरडला, मी तिथंच ओट्याशी उभी होते. तेव्हापासून झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद करून हात लावून बघते, दोनदा.

आमच्या घरचं भात आहे, बासमती, कुकरची शिट्टी झाली की गल्लीत वास जातो असं सगळे म्हणतात. मला आठ वर्षं तो आला नव्हता. दुसऱ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी दूध तापवत होते आणि एकदम दुधाचा वास आला. मी झाकण काढून तसंच उभी. मग मसाल्याचा डबा उघडून बसले खाली, जिरं, धने, हिंग, एकेक. सुनेला वाटलं काय झालं हिला. दुपारी मुद्दाम कुंदा आणायला लावला, खाल्ला कमी आणि हुंगला जास्त. गोळ्या बंद झाल्यावर पंधरा दिवसांत वास परत गेला. त्या गोळ्या कायम घेता येत नाहीत, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. आता दुसरं ऑपरेशन होऊन वर्ष झालं. कधी येतो, कधी नाही. भाताचा अजून नाही.

चिकोडी_टू_हुबळी

बाई, वाचून डोळ्यात पाणी आलं.

माझं थोडक्यात. आठ वर्षं 'सायनसचं डोकं'. कपाळ, डोळ्यामागं, गाल, नाक पण गळायचं, त्यामुळं शंकाच नाही. आईनं सुंठ लावून लावून कपाळाची कातडी काळी केली. मग हुबळीत कॉलेजला असताना ऐन दुखण्यात सीटी काढला, आणि सायनस सगळे काळे म्हणजे हवा भरलेले, एकदम साफ. डॉक्टरनी विचारलं उजेड सोसतो काय, मळमळतं काय, अंधारात झोपावं वाटतं काय. तिन्ही होय. मायग्रेन निघालं. त्यात पण नाक गळतं, चेहरा जड होतो, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. गोळी बदलली, महिन्यातून दहाचं दोनवर आलं. चोर्ला घाटात अजून उलटी होते, ते वेगळं.

हुक्केरी_सिस्टर

सरकारी दवाखान्यात नर्स हाय म्हणून एकच विचारते, स्प्रे कसा मारता? दहापैकी नऊ जण बोंडी सरळ आत घालून मधल्या पडद्यावर मारतात, मग रक्त येतं, मग 'सूट होत नाही' म्हणून बंद. मान जरा खाली. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजवीत, म्हणजे बोंडीचं तोंड आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडं होतं. मारल्यावर जोरात ओढू नका, घशात जातंय. आणि तीन दिवसांत फरक नाही म्हणून टाकू नका, काही आठवडे द्यावे लागतात. पातेल्याची वाफ घेताना पोरांना जवळ येऊ देऊ नका, भाजलेली पोरं आम्ही बघतो.

अनगोळ_बंदनाक

सिस्टर, मी दहा वर्षं पडद्यावरच मारायलोय. रक्त यायचं म्हणून दोनदा बंद केला. आता कुणाला सांगू.

वडगाव_मागवाला

मला राग आला नाही. मागावर चाळीस वर्षं गेली, कापसाचा नि रेशमाचा भुसकट नाकात. नेतीनं माझं गेलं नाही, पण धुतल्यावर काय निघतंय ते बघितलं की बरं वाटतं, एवढंच म्हणायचं होतं. शंभर टक्के चुकून लिहिलं. पण नळाचं, बोअरचं पाणी कच्चं घालू नका, त्यातले जंतू नाकातून वर मेंदूत गेलेले हायत, क्वचित असंल, पण सहसा वाचत नाही माणूस. उकळून कोमट करायचं. पाव लिटरला अर्धा चमचा मीठ, चिमूटभर खायचा सोडा. मीठ कमी पडलं तर झोंबतं. वाकून मान तिरकी, तोंड उघडं, तोंडानं श्वास.

अनगोळ_बंदनाक

पाणी उकळायला ठेवलंय काका. गुरुवारी सीटीची फिल्म घेऊन मिरजेला जायलोय, आता काय विचारायचं ते तरी माहीत हाय. मीठ साधं की सैंधव?

वडगाव_मागवाला

साधं. सैंधवानं काय नाक सोन्याचं होतंय काय.