लेखी इंग्रजीत ‘ओन्ली’ क्रियापदाआधी ठेवून मोकळं होणं थांबवायला हवं

शुद्धलेखणी

‘ओन्ली’, ‘जस्ट’, ‘ईव्हन’, ‘ऑलमोस्ट’, ‘निअरली’ ही मर्यादा घालणारी क्रियाविशेषणं. इंग्रजी लिहिताना बहुतेक जण ती सवयीने क्रियापदाआधी टाकतात आणि पुढे जातात. माझं ठाम मत आहे की लेखनात ही सवय मोडायला हवी. ज्या शब्दाला मर्यादा घालायची आहे, नेमकं त्याच्याच आधी ते क्रियाविशेषण यायला हवं.

हे वाक्य बघा: ‘शी ओन्ली करेक्टेड द फर्स्ट ड्राफ्ट.’ तिने मसुदा दुरुस्तच केला, लिहिला नाही? की पहिलाच मसुदा दुरुस्त केला, दुसऱ्याला हात लावला नाही? की एवढंच काम केलं, बाकी सगळं राहिलं? तिन्ही अर्थ बसतात. आता ‘शी करेक्टेड ओन्ली द फर्स्ट ड्राफ्ट’ असं लिहा. पहिला आणि तिसरा अर्थ गळून पडतो. ‘ओन्ली शी करेक्टेड द फर्स्ट ड्राफ्ट’ म्हटलं तर गोष्टच वेगळी, दुरुस्त करणारी ती एकटी.

बोलताना आपण एखाद्या शब्दावर जोर देतो आणि काम भागतं. कागदावर तो जोर दिसत नाही. तिथे जागा हेच आपल्या हातातलं साधन आहे, आणि ते वापरायला काहीही कष्ट पडत नाहीत. मग वाचणाऱ्याला का अडकवायचं?

नदीकाठ

अजिबात पटलं नाही. ‘ओन्ली’ क्रियापदाआधी येतं ते कुणाच्या निष्काळजीपणामुळे नाही. इंग्रजीत ती त्याची नेहमीची जागा आहे. मुख्य क्रियापदाच्या आधी, हेल्पिंग व्हर्ब असेल तर त्याच्यानंतर, आणि नुसतं ‘इज’ किंवा ‘वॉज’ असेल तर त्याच्याही नंतर. ‘ही ओन्ली वर्क्स ॲट नाइट’, ‘ही हॅज ओन्ली वर्क्ड ॲट नाइट’, ‘ही इज ओन्ली टायर्ड.’ ज्यांची ती मातृभाषा आहे ते असंच बोलतात आणि असंच लिहितात.

हा वाद जुना आहे. हेन्री फाउलर यांनी १९२६ साली आपल्या इंग्रजी वापराच्या कोशात ‘ही ओन्ली डाइड अ वीक अगो’ हे वाक्य घेऊन या हट्टाला विरोध केला होता. तो माणूस ‘नुसता मेला, आणखी काही केलं नाही’ असा अर्थ कुणी लावतं का? गैरसमजाचा खरोखर धोका असेल तिथे शब्द हलवा, एरवी नैसर्गिक जागी राहू द्या, असं त्यांचं म्हणणं.

पुढे भाषाशास्त्रज्ञ मॅट्स रूथ यांनी १९८५ च्या आपल्या प्रबंधात हा विषय अर्थविज्ञानाच्या, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्राच्या, बाजूने मांडला. ‘ओन्ली’ क्रियापदाआधीच ठेवा, शब्दक्रम तोच ठेवा, फक्त आघात एका शब्दावरून दुसऱ्यावर न्या. तेवढ्याने वाक्य खरं की खोटं हेसुद्धा बदलू शकतं. ‘ओन्ली’ आपला शब्द शेजारी शोधत नाही, वाक्यात जिथे आघात आहे तिथे शोधतं.

शुद्धलेखणी

रूथ यांचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे! सगळं काम आघात करतो, हे एकदा मान्य केलं की आघात नसलेल्या कागदावर काय उरतं ते सांगा.

नदीकाठ

मागचं वाक्य उरतं. ‘डिड यू रीड बोथ चॅप्टर्स?’ या प्रश्नाला ‘आय ओन्ली रेड द फर्स्ट’ असं उत्तर आलं तर दुसरा अर्थ कुणाच्या मनात येईल? कोरं, एकटं वाक्य फळ्यावर लिहून त्यात तीन अर्थ शोधता येतात, पण कुणीही एकटं वाक्य वाचत नाही.

अर्धविराम

तुम्ही दोघं ‘ओन्ली’वरच अडून बसलात. ही सगळी क्रियाविशेषणं एकाच नियमात बसत नाहीत, आणि मला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

‘शी ऑलमोस्ट लॉस्ट ऑल हर फाइल्स’ म्हणजे फाइली जाता जाता वाचल्या, बहुधा एकही गेली नाही. ‘शी लॉस्ट ऑलमोस्ट ऑल हर फाइल्स’ म्हणजे थोड्याच उरल्या, बाकी गेल्या. ‘ऑलमोस्ट’ आणि ‘निअरली’ ज्याच्या आधी येतात त्यालाच जवळपासचं करतात. इथे क्रियापदाआधीची जागा ‘नेहमीची’ म्हणून चालवून घेतली तर चक्क खोटं विधान होतं. ‘ओन्ली’ला दिलेली सवलत इथे देता येणार नाही.

‘जस्ट’चं तर नकारासोबत बघा. ‘आय जस्ट डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. ‘आय डोन्ट जस्ट लाइक इट’ म्हणजे नुसतं आवडत नाही, त्याहून जास्त काही वाटतं. दोन शब्दांची अदलाबदल, आणि अर्थ थेट उलटा.

याउलट ‘हार्डली’, ‘बेअर्ली’, ‘स्केअर्सली’. ती क्रियापदाजवळच शोभतात, कारण त्यांच्या पोटात नकार आहे. म्हणूनच ‘ही हार्डली स्पीक्स’नंतर शेपटीचा प्रश्न ‘डज ही?’ असा होकारार्थी येतो. प्रमाण इंग्रजीत त्यांच्यासोबत आणखी ‘नॉट’ चालत नाही. वाक्याच्या सुरुवातीला आणली तर हेल्पिंग व्हर्ब कर्त्याच्या पुढे उडी मारतं: ‘हार्डली हॅड शी स्टार्टेड व्हेन द लाइट्स वेंट आउट.’ नामाजवळ न्यायची तर बहुतेक वेळा ‘हार्डली एनी’, ‘हार्डली एनीवन’ अशा जोडीनेच.

कलमबंद

मी करारांचे मसुदे लिहितो. नदीकाठ, मागचं वाक्य अर्थ सांगतं हे गप्पांत ठीक आहे. करारातलं कलम पुष्कळदा एकटंच वाचलं जातं, आणि तेही भांडण झाल्यावर.

‘द सप्लायर शॅल ओन्ली रिपेअर पार्ट्स डॅमेज्ड इन ट्रान्झिट.’ पुरवठादार म्हणणार, आम्ही दुरुस्तीच करू, बदलून देणार नाही. ग्राहक म्हणणार, ‘ओन्ली’ वाहतुकीत मोडलेल्या भागांना लागतं, त्यांची दुरुस्ती कशी करायची ते तुम्ही बघा. दोघांचं वाचन व्याकरणात बसतं. ‘शॅल रिपेअर ओन्ली दोज पार्ट्स’ लिहिलं की निदान एक वाट बंद होते. बदलून द्यायचं नसेल तर ‘शॅल नॉट रिप्लेस’ असं वेगळं वाक्यच लिहावं, ‘ओन्ली’वर एवढा भार टाकूच नये.

नदीकाठ

करारात तुमचं म्हणणं मानतो, तिथे खरोखर धोका आहे. माझा राग वर्गातल्या लाल शाईवर आहे. ‘आय ओन्ली हॅव टू पेन्स’ या वाक्याखाली रेघ मारून मार्क कापले जातात. उत्तम, रोजचं इंग्रजी आहे ते! मुलांना वाटतं आपल्याला ग्रामर येत नाही, आणि मग बोलतानाही ती प्रत्येक ‘ओन्ली’आधी अडखळतात.

शुद्धलेखणी

मार्क कापू नयेत, यावर माझी हरकत नाही. पण सोडूनही देऊ नये. वाक्य पुढे ठेवा आणि विचारा, यातून दुसरा अर्थ निघतो का? निघत असेल तर मुलांनाच तो शब्द हलवू द्या. हे एकदा हाताला लागलं की मूल आपलं वाक्य परक्याच्या नजरेने वाचायला शिकतं. व्याकरण शिकवण्याचं याहून चांगलं कारण मला तरी माहीत नाही.

नदीकाठ

मग शब्द हलवल्यानंतरही तोच प्रश्न विचारा. ‘वी ओन्ली मेट येस्टरडे’ म्हणजे आमची ओळख अगदी कालची. तुमच्या नियमाने ते ‘वी मेट ओन्ली येस्टरडे’ होणार, आणि त्यात ‘कालच भेटलो, इतर दिवशी नाही’ हा अर्थ उलट जास्त सहज शिरतो. इथे नियम पाळल्यानेच शंका वाढली.

अर्धविराम

म्हणूनच काळ दाखवणाऱ्या शब्दांसाठी मी ‘ओन्ली’ क्रियापदाआधीच ठेवतो. संख्या आणि वस्तूंसाठी मात्र हलवतो.