हरणांसाठी क्लोव्हर: पैसे पिशवीवरच्या शिंगांचे द्यायचे की आतल्या बियांचे?

खोरेकर (धागाकर्ता)

ऑगस्ट जवळ आला की विस्कॉन्सिनच्या शेतीदुकानांत क्लोव्हर या शेंगवर्गीय चाऱ्याच्या बियाण्याच्या पिशव्यांची थप्पी लागते. पिशवीवर भलीमोठी शिंगं मिरवणारा नर, खाली प्रथिनांचे दावे, आणि भाव साध्या बियाण्यापेक्षा चांगलाच चढा. इथल्या नैऋत्येच्या डोंगरखोऱ्यांत ज्या मराठी मंडळींनी रानाचे तुकडे घेतलेत, त्यांतले काही जण शेजाऱ्याचं बघून फूड प्लॉट करतात, म्हणजे शिकारीला पांढऱ्या शेपटीची हरणं यावीत म्हणून अर्धा-एक एकर चारा पेरतात. माझं मत आधीच सांगून टाकतो: चित्राचे पैसे देऊ नका. पिशवी उलटी करा आणि लेबल वाचा.

शुद्धता, उगवण, तणाचं बी, चाचणीची तारीख हे सगळं लेबलवर छापावंच लागतं. त्यासाठी १९३९ चा केंद्राचा कायदा आहे. क्लोव्हरमध्ये खरी मेख कोटिंगची. बियांवर चुन्याचा थर चढवतात आणि तो वजनाच्या एक तृतीयांश, कधी कधी निम्मासुद्धा भरतो. समजा शुद्ध बी ६५ टक्के, उगवण ९० टक्के. १० पौंडांच्या पिशवीत जिवंत बी झालं ५.८५ पौंड. शेजारच्या बिनचित्राच्या पोत्यावर शुद्धता ९९ आणि उगवण ९० लिहिलं असेल, तर तेवढ्याच वजनात ८.९ पौंड. आता भावाला भागून बघा.

मी एकरी ४ पौंड लॅडिनो (मोठ्या पानांचा पांढरा क्लोव्हर), ६ पौंड मध्यम लाल क्लोव्हर आणि आडोशाला ४० पौंड ओट्स सुचवेन. लाल लवकर वर येतो, त्याचं सोटमूळ खोल जातं, उन्हाळ्यात तग धरतो, पण दोन-तीन वर्षांत संपतो. तोवर पांढऱ्याने जमिनीलगत धावती खोडं पसरून जागा धरलेली असते. वाचलेले पैसे चुन्यात घाला. तोडलेल्या रानाची माती बहुतेकदा आंबट असते, क्लोव्हरला पीएच साडेसहाच्या आसपास लागतो. आधी माती तपासून घ्या, आणि युरिया टाकू नका. नत्र क्लोव्हर स्वतःच करतो, तुमच्या युरियावर फक्त गवत माजेल.

अटलांटाकर

अर्धा सहमत. लेबल वाचा हे ठीक, पण ‘जात कुठलीही चालते’ असा जो सूर लागलाय तो उत्तरेतल्या माणसाला परवडतो. आमच्या जॉर्जियात उन्हाळ्याने साधा लॅडिनो दोन वर्षांत विरळ होतो. म्हणून तर जॉर्जिया विद्यापीठाने ड्युराना आणि पॅट्रियट या जाती काढल्या. ड्युराना सुरुवातीला रडत वाढतो, पहिल्या वर्षी माणूस वैतागतो, पण एकदा बसला की चराई आणि ऊन दोन्ही सोसतो. त्या पिशवीचे जास्तीचे पैसे मी डोळे मिटून देईन. जिच्यावर जातीचं नावच नाही, ती पिशवी मात्र शिंगं असोत-नसोत, नको.

आणि कोटिंगला एवढं झोडपू नका. त्यात रायझोबियम, म्हणजे मुळांत नत्र बांधणारे जिवाणू, येतात. कोरं बी घेणाऱ्यांपैकी किती जण जिवाणू चोळतात? शेडमध्ये पडलेलं लसूणघासाचं पाकीट क्लोव्हरला लावून मोकळे होतात. त्याचा काही उपयोग नाही, दोघांचे जिवाणू वेगळे.

अवांतर: क्रिमसन क्लोव्हरचे लालभडक फोटो बघून कुणी विस्कॉन्सिनात पेरू नका. आमच्याकडे तो शरदात पेरून वसंतात फुलतो, तुमच्या थंडीत मरेल.

खोरेकर

जिवाणूंचं बरोबर. पण त्याला कोटिंग कशाला हवं? गावाकडे हरभऱ्याला गुळाच्या पाण्यातून रायझोबियम चोळतात, तसंच इथेही करता येतं. सावलीत सुकवायचं आणि लगेच पेरायचं.

बर्फातला_पुणेकर

खोरेकर, पेरणी कशी करायची ते लिहिलंच नाहीत! बहुतेकांचा क्लोव्हर बियाण्यामुळे नाही, पेरणीमुळे जातो. पांढऱ्या क्लोव्हरचे पौंडाला साडेसात-आठ लाख दाणे बसतात. एवढ्या बारीक बियाला पाव इंचापेक्षा जास्त माती म्हणजे थडगंच. नांगरलेल्या भुसभुशीत मातीत फोकून वर वखर फिरवला की संपलं. आधी रोलर. चालताना बूट अर्ध्या इंचाहून खोल रुतत असेल तर अजून एकदा रोलर. मग बी फोकायचं आणि पुन्हा रोलर. वखराचं नाव काढू नका.

पण माझा मूळ मुद्दा वेगळा आहे: ऑगस्टच कशाला? फेब्रुवारीअखेर ते मार्च, रात्री जमीन गोठते, दिवसा वितळते, मातीला जाळीदार भेगा पडतात, तेव्हा नुसतं फोकून द्या. बी आपोआप आत जातं. ट्रॅक्टर नको, डिझेल नको.

खोरेकर

सपाटीवर आणि जमीन उघडी असेल तिथे मान्य. आमच्या उतारांवर बर्फ वितळलं की बी ओढ्यात. शिवाय वसंतात तण आणि क्लोव्हर एकाच वेळी उठतात आणि तण जिंकतं.

वेलदोडा

सगळे ‘कसं’वर भांडताय, ‘का’ कुणीच विचारत नाही. अमेरिकेत आज अंदाजे तीन कोटी पांढऱ्या शेपटीची हरणं आहेत. दक्षिण विस्कॉन्सिनात त्यांना चाऱ्याची ददात नाही, मका-सोयाबीन आहेच. रानात जाऊन बघा, ओकची रोपं गुडघ्याच्या वर जात नाहीत, कारण शेंडे खुडलेले असतात. अशा ठिकाणी आणखी चारा म्हणजे कुणाची सोय?

दुसरं, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज, म्हणजे हरणांचा मेंदू पोखरणारा जीवघेणा रोग. विस्कॉन्सिनात तो पहिल्यांदा २००२ मध्ये सापडला, तोही तुमच्याच नैऋत्य भागात. त्याचे प्रिऑन (रोग पसरवणारी बिघडलेली प्रथिनं) लाळेतून, मूत्रातून, विष्ठेतून पडतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. बाधित काउंट्यांत मक्याचे ढीग टाकायला बंदी, पण तीच हरणं क्लोव्हरवर गोळा केलेली चालतात. नियमात बसतं म्हणून शहाणपणाचं ठरत नाही.

खोरेकर

मक्याच्या ढिगात दहा तोंडं एका घमेल्याएवढ्या जागेत खुपसतात. अर्ध्या एकरावर ती पांगून चरतात. धोका शून्य नाही हे कबूल, पण दोन्हींना एकाच तागडीत घालू नका. आणि हरणं कमी करायची कशी? इथे लांडगे फारसे नाहीत, बंदूकच आहे. नोव्हेंबरच्या नऊ दिवसांच्या हंगामात प्लॉटवर मादी टिपता येते. तीच तर तुमच्या ओकची रोपं वाचवते.

वेलदोडा

मादी टिपता येते, बरोबर. टिपतात किती जण? पिशवीवर मादीचं चित्र कधी पाहिलंत?

बर्फातला_पुणेकर

वेलदोडा यांना या वाक्यासाठी +१. आणखी एक भर: आमच्या उत्तरेत हरणाची खरी उपासमार जानेवारी ते मार्च. तेव्हा क्लोव्हर दोन फूट बर्फाखाली झोपलेला असतो. ‘हिवाळ्यात हरणं जगवायला क्लोव्हर’ म्हणणाऱ्याला हरणही कळलं नाही आणि क्लोव्हरही. क्लोव्हर कामाला येतो एप्रिल-मेमध्ये, मादी गाभण असताना, आणि पुढे पिल्लाला पाजताना. हिवाळ्यासाठी रानाचा एखादा पट्टा तोडा, कोवळी फूट आपोआप येते.

वऱ्हाडी_ठेचा

अमरावतीहून वाचतोय. भाऊ, आमच्याकडे तूर-हरभऱ्यात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर शिरू नये म्हणून रात्रभर जागल करतो, झटका मशीन लावतो, तरी सकाळी अर्धं शेत तुडवलेलं. आणि तुम्ही हरणांना जेवायला बोलावता, वर त्यांच्यासाठी माती तपासता! आमच्याच मातीची तपासणी राहून जाते. एक खराच प्रश्न: बरसीम क्लोव्हरच्याच कुळातला ना? तो तिकडे चालत नाही का?

खोरेकर

हो, त्याच कुळातला. चालतो, पण वर्षायू, थंडीत जातो. काही मिश्रणांत घालतात, कारण पहिल्याच हंगामात भराभर वाढतो आणि प्लॉट लवकर हिरवा दिसतो. ग्राहक खूश होतो, पुढच्या वर्षी त्याचा पत्ता नसतो.

वेलदोडा, मादीच्या चित्राचं उत्तर माझ्याकडे नाही. आमच्या रानात मात्र हंगामात आधी मादी, मग नर, असा नियम ठेवलाय, आणि मारलेल्या प्रत्येक हरणाचा नमुना तपासणीला जातो. चारा बंद करणार नाही.

ज्यांना पेरायचंच आहे त्यांनी प्लॉटच्या मधोमध तारेच्या जाळीचा तीन-चार फूट रुंद पिंजरा उभा करावा. आतला क्लोव्हर गुडघ्याला आणि बाहेरचा बोटभर असेल, तर बियाण्याला दोष देऊ नका, हरणं जास्त आहेत. आत-बाहेर दोन्हीकडे पिवळट खुरटा असेल तर चुना कमी पडलाय.

वेलदोडा

पिंजरा प्लॉटमध्ये एक लावा आणि रानात ओकच्या रोपांवर एक. दोन्हींचे फोटो इथे टाका, मग बोलू.