सूर्य घे, पण ते चित्र मला दे : भावंडं, कला आन् पहिलं प्रेम, तुमचे अनुभव लिहा

जँडी नेल्सनची 'आय विल गिव्ह यू द सन' वाचलेली माणसं आपल्या विदर्भात माझ्याशिवाय आणखीही आहेत हे कळलं आणि इतका आनंद झाला की धागाच काढला. २०१४ ची अमेरिकन कादंबरी, २०१५ मधे तिला किशोरांच्या पुस्तकांसाठी असलेला प्रिंट्झ पुरस्कार मिळाला. नोआ आणि ज्यूड हे जुळे, कॅलिफोर्नियात समुद्राकाठी राहतात. नोआ सांगतो तेव्हा दोघं तेरा-चौदाचे, ज्यूड सांगते तेव्हा सोळाचे, आणि मधल्या काळात आई अपघातात गेलेली, एकमेकांना चिकटून राहणारे हे दोघं धड बोलतही नाहीत.

मला यातलं सगळ्यात आवडतं ते त्यांचं वाटणी करणं. लहानपणापासून दोघं जग वाटून घेत आलेत. नोआनं काढलेलं एका पोराचं चित्र ज्यूडला हवं असतं, तो बदल्यात झाडं मागतो, तारे मागतो, समुद्र मागतो, वरून सूर्यही मागतो, आणि ती देऊन टाकते! तिच्याकडं फुलं तेवढी उरतात. मी हे वाचलं आणि आमच्या घरातली सगळी भांडणं डोळ्यापुढं आली, खिडकीची जागा कोणाची, रंगपेटी कोणाची, आईजवळ कोण झोपणार.

तर तुमच्याकडं काय वाटलं गेलं ते लिहा. कोणाचं चित्र, कोणाचं गाणं मागं पडलं, कोणासाठी पडलं. पहिलं प्रेम असेल तर तेही, फक्त कोणाचं नावगाव टाकू नका. पुस्तक वाचलं नसेल तरी चालते. आणि हो, खाली गोष्ट फुटणार आहे, ज्यांना वाचायचं आहे त्यांनी सांभाळून.

*संत्रापट्ट्यातली*

मी वरूडकडची. ज्यूडच्या आजीची ती वही आठवते ना, सगळे तोडगे लिहिलेली, आजी मेली तरी ज्यूडशी बोलत असते. त्यात एक आहे की पोरानं पोरीला संत्रं दिलं की तिचं प्रेम वाढते. मी तिथंच थांबली. आमच्याकडं आंबिया बहार निघाला की दिवाळीच्या आगंमागं घराघरात संत्र्याचे ढीग, कॅरेटवर कॅरेट, कोणी कोणाले संत्रं 'देत' नाही, ते पडूनच असते. पण एकानं मले दिलं होतं. कॉलेजच्या बसस्टॉपवर, साल काढून, एकेक फोड सोलून, बिया काढून, हातावर ठेवली होती. आपल्या संत्र्याची साल सैल असते, एका ओढीत निघते, पण त्यानं ती मुद्दाम हळूहळू काढली. बाकी काही झालं नाही आमच्यात, ते वर्ष संपलं, तो पुण्याले गेला.

लहान बहिणीनं हे पाह्यलं होतं. माय ला सांगणार नाही म्हणाली, पण बदल्यात माह्या अभ्यासाच्या टेबलाची जागा घेतली, खिडकीजवळची. आता ती जागा तिच्या पोरीची आहे आन् तिनं आजही माय ला सांगितलं नाही. इतकी इमानदार पोट्टी मी दुसरी पाह्यली नाही.

*नाव नको*

लोणारजवळचा आहे, एवढंच. ज्यांनी वाचलं त्यांना ब्रायन माहीत आहे, शेजारी राहायला आलेला, उल्केचे दगड गोळा करणारा, दुर्बीण असलेला, आणि नोआ त्याच्यामागं वेडा झालेला. मी ते प्रकरण किती वेळ बाजूला ठेवलं अन् किती वेळ पुन्हा उघडलं मलाच माहीत.

कारण आमचं तर गावच उल्केनं पाडलेल्या खड्ड्याच्या काठावर. जवळपास पावणेदोन किलोमीटर रुंद विवर, काळ्या बेसाल्टमधे, मधे खारं पाणी, आजूबाजूला झाडी अन् जुनी पडकी देवळं. तिथला लोणासुर विष्णूनं मारला म्हणून तो खड्डा, हे आजीनं सांगितलेलं, अन् आकाशातून दगड पडला हे भूगोलाच्या सरांनी, आणि आम्ही दोघं दोन्हीवर विश्वास ठेवून बारावीच्या सुट्टीत रोज संध्याकाळी काठानं चालायचो. त्याच्या खिशात लोहचुंबक असायचा, दिसला काळा दगड की लावून पाहायचा. तो मैतर होता. माझ्यासाठी त्याहून जास्त होता, ते त्याला कधी कळलं का, माहीत नाही.

मी त्याला फिजिक्सच्या प्रॅक्टिकल जर्नलच्या कोऱ्या बाजूंवर काढायचो. चेहरा नाही, मान. कानामागं एक बारीक व्रण होता, विळा लागल्याचा, तो मी इतक्या वेळा काढला की आजही डोळे मिटून काढतो. जर्नल ताईच्या हाती लागलं. नोआ जसा सारखा भीत असतो तसाच मी भ्यालो होतो, की आता ही बाबांना देणार. तिनं ती पानं ब्लेडनं सुटी केली, जर्नलला नवीन कव्हर घातलं, आणि पानं स्वतःच्या लग्नाच्या पेटीत साडीखाली ठेवली. मला एक शब्द बोलली नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आला, समलिंगी संबंध गुन्हा नाही म्हणणारा, त्या दुपारी तिचा चिखलीहून फोन, "टीव्ही पाह्यला का रे?" मी म्हटलं हो. ती म्हणाली, "बरं. जेवला का?" एवढंच. ज्यूड आणि नोआचं जेव्हा पुन्हा जुळते ना, तेव्हा मला हा फोन आठवला.

२०२० च्या जूनमधे तळ्याचं पाणी गुलाबी झालं होतं, साऱ्या जगानं फोटो पाहिले. त्यानंही मला एक पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. आपल्यासारख्या माणसांच्या गोष्टी मराठीत, आपल्या गावांच्या, पोरांच्या हाती लवकर याव्यात असं फार मनापासून वाटते.

*धागाकर्ती*

वरच्या दादा, तुम्ही लिहिलं याबद्दल खूप खूप आभार. ताईंना माझा नमस्कार सांगा.

*चंद्रपूरची*

ज्यूडची मातीची कामं भट्टीत फुटतात आणि तिला वाटते मेलेली आई फोडून राहिली, तो भाग मला फार लागला. आमच्या भद्रावतीला ग्रामोदय संघात मातीकाम चालते, मी तिथं काही दिवस शिकली. काम पूर्ण वाळलं नसलं की आतल्या पाण्याची वाफ होते आन् वस्तू तडकते, माती नीट मळली नसली तरी तेच. हे सगळं मला तोंडपाठ होतं, तरी आई गेल्यानंतरचं पहिलं मडकं फुटलं तेव्हा मीसुद्धा आईचंच नाव घेतलं.

*झाडीपट्टीतला*

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू झाली की आमच्याकडं रातभर नाटक. मोठा भाऊ वडशाच्या एका नाटक कंपनीत पडदे रंगवत होता, राजवाडा, जंगल, पाटलाचा वाडा. मी गात होतो. लोकांनी माह्याच गळ्यात हार घातले, पडद्याले कोण हार घालते? नोआच्या पुस्तकात तो डोक्यातल्या डोक्यात चित्रं काढून त्यायले नावं देते ना, त्याच्या भागाचं नावच 'अदृश्य संग्रहालय' आहे, तसं माह्या भावाचं सारं काम अदृश्य झालं, सीझन संपला की त्याच पडद्यावर पांढरा मारून दुसरं.

*दारव्हा रोड*

मी यवतमाळ जिल्ह्यातली. पुस्तकात ज्यूड नोआचा आर्ट स्कूलचा अर्ज टाकतच नाही, हे ज्या पानावर कळते तिथं मी पुस्तक मिटलं आणि अंगणात जाऊन बसली.

मला चित्रकलेच्या एलिमेंटरी आन् इंटरमिजिएट दोन्ही परीक्षांत ए ग्रेड होती. ड्रॉईंगच्या सरांनी बाबांना घरी येऊन सांगितलं होतं, नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात पाठवा. दादा माझी कागदपत्रं, फोटो, पैसे घेऊन तालुक्याला नेट कॅफेत गेला. आला आणि म्हणाला सर्व्हर डाऊन आहे, उद्या जातो. ते उद्या करता करता तारीख गेली. मग मी डी.एड. केलं, लागली शाळेवर.

पुस्तक संपवल्यावर मी त्याला सरळ विचारलं, काऊन रे दादा, सर्व्हर खरंच डाऊन होतं का? तो बैलाला पाणी दाखवत होता. वळला नाही. म्हणाला, "नाही भरला मी." मग बऱ्याच वेळानं, "तू गेली असती तर मी एकटाच राह्यलो असतो या वावरात."

आता हे सांगणं भाग आहे की चित्र आधी तोच काढायचा. पोळ्याला अख्ख्या गावाचे बैल त्याच्याकडं यायचे, शिंगं रंगवायला, पाठीवर हाताचे ठसे न मारता वेली काढायचा, नागाच्या फण्यासारखी गोल वळलेली वेल, ती मी आजही फळ्यावर तशीच काढते, त्याच्याच हाताची आहे. बाबा आजारी पडले, त्याची शाळा सुटली, त्याला कोणी परीक्षेला बसवलं नाही. माझी रंगपेटी त्याच्या कापसाच्या पैशातून आली होती.

पण म्हणून माझं वर्ष गेलं ते परत येते का? नाही येत. मला या पुस्तकाबद्दल एकच तक्रार आहे, शेवटी सगळं फार भराभर जुळून येते, सगळ्यांना सगळे सापडतात, माफी होते. आमच्याकडं मी त्याच्या घरी जेवते, राखी बांधते, आणि राग आहे. दोन्ही आहे.

*संत्रापट्ट्यातली*

ताई, मला उलट वाटते. तो शेवट जुळला नसता तर मला झोप नसती लागली. पण तुमचा राग खरा आहे, तो घाईनं सोडू नका.

*अकरावीतला*

मी अर्ध्यात आहे त्यामुळं वरचं सगळं वाचलं नाही, सॉरी. मी आन् बहीण एकाच मोबाईलवर वाचतो, ती फास्ट वाचते म्हणून भांडण. मला फाईन आर्टला जायचं आहे. सायन्स घेतलं आहे, चालते का? आणि घरी अजून सांगितलं नाही.

*दारव्हा रोड*

चालते रे बाळा, बारावी कोणत्याही शाखेची चालते. राज्याची वेगळी सीईटी असते, एमएएच-एएसी म्हणतात तिला, वस्तुचित्र, संकल्पचित्र, स्मरणचित्र आणि सामान्य ज्ञान. स्मरणचित्राची प्रॅक्टिस आतापासून कर, बाजार, बसस्टँड, पोळा, पाहून यायचं आणि घरी बसून काढायचं. घरी सांग, आधी बहिणीला सांग. आणि फॉर्म तुझा तू भर, आयडी-पासवर्ड तुझ्या वहीत लिहून ठेव, पैसे भरल्याची पावती तिथंच प्रिंट काढून घे. अडलं तर मला मेसेज कर, रात्रीचे बारा वाजले तरी चालेल.